पाच बोर्ड, दहा हाका आणि नववीतला एक मुलगा

मालवण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचं चार पानी पत्र आलं आहे. नाव, गाव, शाळा गाळून त्यातला मजकूर असा:

शाळेत आर्डुइनो उनो जातीचे, म्हणजे प्रोग्रॅम भरून सेन्सर-दिवे चालवायचे, पाच छोटे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आहेत. नववीची मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजून मोबाईलवर मेसेज धाडणारं यंत्र करत होती. सुरुवातीला प्रोग्रॅम बोर्डात व्यवस्थित जात होता. मग सिमकार्डाचं मॉड्यूल जोडलं. ते सारखं आपोआप बंद पडायचं, म्हणून गटातल्या एका मुलाने वडिलांच्या होडीवरची १२ व्होल्टची बॅटरी आणली आणि एका बोर्डाच्या ‘गोल भोकात’ जोडली. दुसऱ्या दिवसापासून एकाही बोर्डात प्रोग्रॅम जाईना. तीच जोडणी काढून तीन बोर्डांवर लावून पाहिली. लॅपटॉप दर वेळी ‘नॉट इन सिंक’, ‘प्रोग्रॅमर इज नॉट रिस्पॉन्डिंग’ असं दहा वेळा सांगतो आणि थांबतो. उरलेले दोन बोर्ड कॉम्प्युटर लॅबमधल्या उबुंटूवाल्या (म्हणजे विंडोजऐवजी लिनक्सवर चालणाऱ्या) मशीनला लावले, तिथे तर पोर्टच, म्हणजे बोर्ड जोडल्याची नोंदच, दिसत नाही. शिक्षकांच्या खोलीत एकमत झालं, की पोराने बॅटरी लावून बोर्ड जाळले. मुख्याध्यापकांना लेखी अहवाल हवा आहे, अडीच हजार रुपये पालकांकडून घ्यायचे आहेत. मुलगा म्हणतो, मी काही केलं नाही. बाईंनी त्याला प्रयोगशाळेत यायला सध्या मनाई केली आहे. शेवटी त्या लिहितात, ‘मी प्राणिशास्त्राची. मला यातलं काय कळणार? अहवालात काय लिहू तेवढं सांगा.’

बाई,

शाळेत मुलं तुम्हाला मॅडम म्हणत असतील, पण माझ्या तोंडी बाईच बसलेलं आहे, चालवून घ्या.

अहवाल या आठवड्यात लिहू नका. मुख्याध्यापकांनी विचारलं तर ‘तपासणी चालू आहे’ म्हणा, आणि ते खोटं ठरू नये म्हणून एक दुपार खरंच तपासणीसाठी काढा. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आरोप ठाम आहे, पुरावा नाही. उलट त्या मुलाच्या बाजूचा पुरावा तुम्हीच पानोपानी लिहून ठेवलाय, फक्त तो पुरावा आहे हे तुमच्या लक्षात आलेलं नाही.

साधा हिशोब बघा. बॅटरी लागली एका बोर्डाला आणि अडले पाच. उरलेल्या चौघांना काय दृष्ट लागली? पाच जण एकदम आजारी पडले तर तुम्ही प्राणिशास्त्रवाल्या आधी काय विचाराल? सगळ्यांनी पाणी कुठलं प्यायलं, हेच ना? इथेही तेच विचारायचं. तीन बोर्डांमध्ये लॅपटॉप, केबल आणि सिम मॉड्यूलची जोडणी एकच होती. उरलेल्या दोघांमध्ये उबुंटूचं मशीन एक होतं. म्हणजे हा एक आजार नसून दोन आहेत आणि दोन्ही बोर्डाच्या बाहेरचे असण्याचा संभव जास्त.

आता तिसऱ्या पानावरचं तुमचं वाक्य: ‘हिरवा दिवा लागतो, छोटं बटण दाबलं की एल लिहिलेला दिवा पटपट दोन-तीनदा लुकलुकतो, बाकी काहीच नाही.’ अहो, बाकी काही कशाला हवं? उनोवरच्या चिपमध्ये, म्हणजे त्या एटीमेगा ३२८ पी मध्ये, एक छोटासा प्रोग्रॅम आधीपासून भरलेला असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. उनोवरच्याचं नाव ऑप्टिबूट. बोर्ड रिसेट झाला की आधी हा उठतो, एल दिवा झटपट लुकलुकवतो, साधारण सेकंदभर कान देऊन बसतो की कॉम्प्युटरकडून नवा प्रोग्रॅम येतोय का, आणि नाही आला तर जुना प्रोग्रॅम चालू करून बाजूला होतो. जळलेल्या चिपला हे जमत नाही. बटण दाबल्यावर ती पटपट लुकलुक पाचही बोर्डांवर दिसत असेल, तर पाचही चिपा जिवंत आहेत.

आणि बॅटरीचं म्हणाल तर ज्याला तुम्ही गोल भोक म्हणता तो बॅरल जॅक बाहेरची वीज घेण्यासाठीच दिलेला असतो. उनोसाठी तिथे ७ ते १२ व्होल्ट द्यावेत अशी शिफारस आहे, आणि २० व्होल्ट ही वरची मर्यादा. भरलेली होडीची बॅटरी साडेबारा-पावणेतेरा व्होल्ट दाखवते. बोर्डावरचा रेग्युलेटर त्यातले पाच ठेवतो आणि वरचे उष्णता म्हणून टाकून देतो, त्यामुळे तो तापतो, बोट लावलं तर चटका बसेल इतका. पण त्याने पाच बोर्ड जळत नाहीत. पिन उलटी बसली असती तरी मूळ उनोच्या रचनेत त्या वाटेवर एक डायोड आडवा असतो, तो उलटी वीज आत येऊ देत नाही. हीच बॅटरी त्याने थेट ‘५ व्ही’ लिहिलेल्या पिनेला लावली असती, तर गोष्ट वेगळी होती. ती वाट रेग्युलेटरला वळसा घालून थेट चिपेकडे जाते आणि सहा व्होल्टच्या वर चिपेचं काही खरं नसतं. म्हणून मुलाला एवढंच विचारा, ‘कुठे लावलीस, दाखव.’ ‘का लावलीस’ हे नंतर. त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे असं वाटतं. त्याकडे शेवटी येतो.

मग बोर्ड बोलत का नाहीत? तुम्ही पत्रात गमतीने लिहिलंय, ‘प्रोग्रॅमर उत्तर देत नाही म्हणतो, पण प्रोग्रॅमर आम्हीच, आम्ही तर समोर बसलोय!’ फसवा शब्द आहे खरा. लॅपटॉपवरचा जो भाग प्रोग्रॅम बोर्डात ढकलतो त्याचं नाव एव्हीआरड्यूड. त्याच्या भाषेत प्रोग्रॅमर म्हणजे चिपेत मजकूर लिहिणारा, इथे तो बूटलोडर. एव्हीआरड्यूड त्याला हाक मारतो, वाट बघतो, परत हाक मारतो, अशा दहा हाका. ‘अटेम्प्ट १० ऑफ १०’ म्हणतो ते हेच. त्या संदेशाच्या शेवटी ‘रिस्प’ म्हणून शून्याचा आकडा असतो, त्याला घाबरून बोर्ड मेला असं लोक धरून चालतात. उत्तर आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. शून्याऐवजी भलताच आकडा असेल तर कोणीतरी बोलतंय, पण ते बूटलोडरचं बोलणं नाही. बहुधा बोर्डातला जुना प्रोग्रॅमच सीरियलवर, म्हणजे लॅपटॉपशी बोलायच्या त्याच वाटेवर, काहीतरी छापत बसलेला असतो.

खाडीच्या तरीवर उभं राहून पलीकडच्या होडीवाल्याला हाक मारल्यासारखं आहे हे. उत्तर आलं नाही म्हणून कोणी लगेच ‘होडीवाला गेला’ म्हणत नाही. वारा उलटा असेल, आपण भलत्याच धक्क्यावर उभे असू, तो दुसऱ्याच कोणाशी बोलत असेल. शिवाय हा होडीवाला एक सेकंदच कान देतो, म्हणजे वेळही चुकता कामा नये.

तुमच्या तीन बोर्डांच्या बाबतीत तो दुसऱ्याशीच बोलतोय, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. तुम्ही जोडणीचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. सिम मॉड्यूलच्या दोन वायरी बोर्डाच्या ० आणि १ क्रमांकाच्या पिनांत आहेत. पिनेशेजारी बारीक अक्षरात आरएक्स आणि टीएक्स लिहिलेलं दिसेल. यूएसबीतून येणारं लॅपटॉपचं बोलणं चिपेपर्यंत याच दोन पिनांवरून जातं. वाट एकच, तिच्यावर तुम्ही मॉड्यूलही आणून उभं केलंत. आता लॅपटॉप हाक मारतो तेव्हा तीच तार मॉड्यूलने आपल्या बाजूने धरून ठेवलेली असते. चिपेला हाक धड ऐकू येत नाही. ‘मॉड्यूल लावण्याआधी प्रोग्रॅम जात होता’ हे तुमचंच वाक्य, आणि मग तीच जोडणी वायरींसकट तुम्ही एका बोर्डावरून दुसऱ्यावर आणि तिसऱ्यावर नेलीत. रोगी बदलले, पाणी तेच राहिलं.

म्हणून तपासणीची सुरुवात अशी करा: बोर्डावरच्या सगळ्या वायरी काढा. सेन्सर, मॉड्यूल, ब्रेडबोर्ड, बॅटरी, सगळं बाजूला. नुसता बोर्ड, केबल आणि लॅपटॉप. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधल्या टूल्समध्ये जाऊन बोर्ड ‘आर्डुइनो उनो’ आहे ना ते बघा, पोर्ट निवडा, आणि उदाहरणांतला ब्लिंक, म्हणजे एल दिवा लुकलुकवणारा प्रोग्रॅम, पाठवा. बहुतेक करून जाईलच. गेला, तर मॉड्यूलच्या वायरी ७ आणि ८ वर न्या आणि प्रोग्रॅममध्ये सॉफ्टवेअर सीरियल (दुसऱ्या पिनांवरून बोलायची सोय) वापरा. म्हणजे ० आणि १ कायमच्या मोकळ्या. पिना बदलायच्या नसतील तर दर वेळी प्रोग्रॅम पाठवताना त्या दोन वायरी काढायच्या आणि नंतर लावायच्या. पण मुलं विसरतात. मीही विसरतो.

पोर्ट निवडताना एक खोच आहे, ती पाच बोर्ड असलेल्या प्रत्येक शाळेला नडते. स्वस्तातल्या बोर्डांवर यूएसबीसाठी सीएच३४० नावाची चिप असते. प्रत्येक बोर्डाचा स्वतःचा असा वेगळा क्रमांक त्या चिपेत बहुधा नसतो, म्हणून विंडोज बोर्ड ओळखत नाही, लॅपटॉपचं भोक ओळखतं. डावीकडच्या भोकात लावला तर कॉम ५, उजवीकडे लावला तर कॉम ७. मुलं भोकं बदलत राहतात आणि वर निवडलेला पोर्ट कालचाच असतो. हा झाला भलत्या धक्क्यावरून हाक मारण्याचा प्रकार. खूण अगदी सोपी: पोर्टची यादी उघडा, केबल काढा, यादी पुन्हा उघडा. जो नाहीसा झाला तो तुमचा. आणि ‘ॲक्सेस इज डिनाइड’ असं आलं तर दुसऱ्या एखाद्या खिडकीत सीरियल मॉनिटर (बोर्डाशी अक्षरांत बोलायचा पडदा) उघडा राहिलेला असतो. तो बंद करा.

आता उरलेले दोन, उबुंटूवाले. इथे पहिला संशय केबलवर. तुम्ही लिहिलंय, की तिथली काळी केबल कोणाच्या तरी चार्जरबरोबर आलेली होती. यूएसबीच्या नेहमीच्या केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन बोलण्याच्या. फक्त चार्जिंगसाठी केलेल्या काही केबलींत विजेच्या दोनच असतात. हिरवा दिवा झोकात लागतो आणि कॉम्प्युटरला बोर्ड आल्याचा पत्ता नसतो. लॅपटॉपची केबल नेऊन तिथे लावा, दोन मिनिटांत कळेल.

या केबलीपायी मी एकाशी वाईट वागलो आहे. बंदराजवळ माझं वायरलेस आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मदतीला असलेल्या मुलाने एक बोर्ड माझ्या हातात दिला, बोर्ड लागेना. त्याच्या हातात आदल्या संध्याकाळी सोल्डरिंग गन होती, एवढ्यावर मी निकाल दिला. तीन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही. चौथ्या दिवशी दुसरी केबल लावली आणि बोर्ड चालू झाला. ‘केबल खराब होती रे’ असं मी म्हणालो, पण तोंड फिरवून. आज तो दुबईला असतो, सणावाराला फोन करतो, आणि त्या तीन दिवसांबद्दल आम्ही दोघंही कधी बोललेलो नाही.

केबल चांगली असूनही पोर्ट दिसत नसेल तर उबुंटूचे दोन हट्ट आहेत. २२.०४ या आवृत्तीत बीआरएलटीटीवाय नावाचा प्रोग्रॅम आधीपासून असतो. अंध व्यक्ती कॉम्प्युटरवरचा मजकूर ब्रेलच्या यंत्रावर बोटांनी वाचतात, त्या यंत्राशी बोलणारा हा कामाचा प्रोग्रॅम. घोटाळा एवढाच, की काही ब्रेल यंत्रांमध्येही सीएच३४० चीच ओळख असते, म्हणून बोर्ड लावला की हा त्याला ब्रेल यंत्र समजून ताब्यात घेतो. पोर्ट क्षणभर दिसतो आणि जातो. शाळेत ते यंत्र कोणी वापरत नसेल तर हा प्रोग्रॅम काढून टाकायला हरकत नाही. कोणी वापरत असेल तर त्या मशीनला हात लावू नका, बोर्डासाठी दुसरं मशीन घ्या. दुसरा हट्ट परवानगीचा: पोर्ट दिसतो, पण ‘परमिशन डिनाइड’ म्हणून अडवतो. ज्या नावाने मुलं लॉगिन करतात ते नाव ‘डायलआउट’ गटात घालायचं, लॉगआउट करून परत यायचं, झालं. कॉम्प्युटरचे सर हे पाच मिनिटांत करून देतील.

एवढं करूनही एखादा बोर्ड अडलाच, तर निकाल देणारी एक परीक्षा आहे. ती मला फार आवडते, कारण तिच्यात मतांना जागा नाही. बोर्डावर रिसेट आणि जीएनडी (ग्राउंड) या पिना एका वायरने जोडा. चिप झोपून राहते. दुसऱ्या वायरीने ० आणि १ एकमेकांना जोडा. सीरियल मॉनिटर उघडा, काहीही टाइप करून पाठवा. तुम्ही पाठवलेली अक्षरं जशीच्या तशी परत आली, तर लॅपटॉप, ड्रायव्हर, पोर्ट, केबल आणि यूएसबीची चिप, हे सगळे निर्दोष. खोट पुढे आहे. नाही आली, तर बोर्डावरच्या मुख्य चिपेचा या भानगडीशी संबंधच नाही, कारण ती झोपलेली होती. झाल्यावर दोन्ही वायरी आठवणीने काढा.

अक्षरं परत आली आणि तरी प्रोग्रॅम जात नाही, असं झालं तर हाकेची वेळ हुकतेय का ते बघायचं. एरवी लॅपटॉप पोर्ट उघडतो तेव्हा एका छोट्या कपॅसिटरमधून बोर्डाला आपोआप रिसेट मिळतो, मघाचा तो सेकंदभराचा वेळ तेव्हाच सुरू होतो. तो कपॅसिटर किंवा त्याचा टाका गेला असेल तर हे काम हाताने करता येतं. रिसेट बटण दाबून धरा, अपलोड दाबा, पडद्यावर ‘अपलोडिंग’ आलं की बटण सोडा. दोन-तीन प्रयत्नांत जमतं. मुलांना यात भलती मजा येते. तुमच्या बोर्डांवर लांबट, अठ्ठावीस पायांची चिप सॉकेटमध्ये बसवलेली दिसतेय, म्हणून आणखी एक सोय: चालत्या बोर्डावरची चिप काढून अडलेल्या बोर्डात घालून पाहता येते. दोन्ही टोकांकडून चपट्या स्क्रूड्रायव्हरने थोडी थोडी उचकटा आणि बसवताना खाच मूळच्याच बाजूला ठेवा. चिपेतला बूटलोडर पुसला गेला असेल, तर दुसऱ्या उनोला प्रोग्रॅमर करून तो पुन्हा भरता येतो. त्यासाठी आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्येच ‘आर्डुइनोआयएसपी’ हे उदाहरण आहे.

आणि आपल्याकडचं खारं वारं. हे लॅपटॉपच्या पडद्यावर कधी लिहून येत नाही. तुमचे बोर्ड एप्रिलपासून लोखंडी कपाटात उघडे पडले होते. चार महिने बंद खोली, बाहेर कोकणातला पाऊस, मध्ये समुद्राची हवा. यूएसबीच्या भोकात आणि पिनांच्या काळ्या पट्टीत टॉर्च मारून पाहा. हिरवट-पांढरा थर दिसला तर मऊ ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, केबल काढलेली असताना, घासून घ्या आणि पूर्ण वाळू द्या. पुढच्या पावसाळ्याआधी बोर्ड घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. घरी पापड-कुरडयांना जेवढं जपतो तेवढं बोर्डांना जपलं तरी पुष्कळ आहे.

आता अहवाल. तुमच्यासमोर तीन वाटा आहेत असं तुम्ही लिहिलंय: पालकांकडून वसुली, प्रकरण दाबून शाळेच्या पैशाने नवे बोर्ड, किंवा मुलाची लेखी माफी. मला तिन्ही नापसंत आहेत, कारण तिन्हींत बोर्ड जळले हे गृहीत धरलंय. वसुलीचं तर आत्ता नावच काढू नका. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. एकसष्ट दिवस कमाई नाही, त्यातच होडीची डागडुजी आणि जाळ्यांचा खर्च. अशा घरात नारळीपौर्णिमा होते न होते तोच शाळेची अडीच हजारांची चिठ्ठी जाणार, आणि तीही कदाचित दोन वायरी चुकीच्या भोकात होत्या म्हणून. त्या पोराचं काय होईल याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे.

दुसऱ्याच्या चुकीचा दंड हातात सापडलेल्या माणसाला, हे मोठ्या कंपन्यांकडूनही झालंय. यूएसबीच्या चिपा करणाऱ्या एफटीडीआय कंपनीचा नवा ड्रायव्हर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून लोकांच्या कॉम्प्युटरवर आला. समोर नकली चिप दिसली की तो तिचा ओळख क्रमांक शून्य करून टाकायचा. नक्कल केली कारखान्याने, आणि बंद पडली ती बिचाऱ्या ग्राहकाची वस्तू, जिच्यात नकली चिप आहे हे त्याला माहीतही नव्हतं. गदारोळ झाला आणि तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला.

तुम्ही एक कोरी वही घ्या. पाच बोर्डांवर खडूने किंवा चिकटपट्टीने १ ते ५ आकडे घाला. प्रत्येक बोर्डासाठी लिहा: बटण दाबल्यावर एल लुकलुकतो का, नुसत्या बोर्डावर ब्लिंक जातो का, कोणती केबल, कोणतं मशीन, संदेश काय आला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे तुम्ही मुलांना बियाण्यांच्या प्रयोगात शिकवताच. वहीची ती दोन पानं हाच तुमचा अहवाल. ‘मला यातलं काय कळणार’ हे वाक्य मात्र त्यात येऊ देऊ नका. संदेश जसाच्या तसा उतरवून, फोटोसकट पाठवणारे वाचक मला महिन्यातून एखादेच भेटतात. आणि समजा एखादा बोर्ड खरोखर गेलेला निघाला, तर प्रयोगशाळेच्या तूटफूट वहीत नोंद करा, जशी फुटलेल्या परीक्षानळीची करता. परीक्षानळीसाठी आपण कोणाच्या वडिलांना बोलावत नाही.

ही तपासणी त्या मुलाला घेऊनच करा. त्याच्यावर लक्ष ठेवायला नव्हे. बॅटरी कुठे लावली होती आणि वायरी कशा होत्या हे त्याच्याइतकं कोणाला आठवत नाही. मनाई तुम्ही वर्गासमोर केली होती, तेव्हा ती उठवायचीही वर्गासमोरच.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी धावत्या. आर्डुइनो नॅनो, म्हणजे उनोचा धाकटा भाऊ, वापरणाऱ्यांना हाच ‘नॉट इन सिंक’ येतो आणि कारण भलतंच साधं असतं: बोर्डात जुना बूटलोडर असतो, तो कमी वेगाने बोलतो. टूल्स, प्रोसेसर, ‘ओल्ड बूटलोडर’ निवडा. आणि ईएसपी३२ या वायफायवाल्या बोर्डाच्या मंडळींना ‘टाइम्ड आउट वेटिंग फॉर पॅकेट हेडर’ आलं तर पडद्यावर ‘कनेक्टिंग’ दिसत असताना बोर्डावरचं बूट बटण दाबून धरा, लिहायला सुरुवात झाली की सोडा. दर वेळी दाबावं लागत असेल तर ईएन (रिसेटची पिन) आणि जीएनडी यांच्यामध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून बहुतेकांचं काम भागतं. त्या बोर्डाच्या ० आणि १२ क्रमांकाच्या पिनांवर सुरुवातीला काही जोडू नका.

बाई, आता तो राहिलेला प्रश्न: मुलाने बॅटरी का लावली? तुमचं सिम ८०० एल मॉड्यूल मेसेज पाठवताना क्षणभरासाठी दोन अँपिअरपर्यंत वीज ओढतं. लॅपटॉपचं यूएसबी साधारण अर्धा अँपिअर देण्यासाठी असतं. म्हणून मॉड्यूल नेटवर्क शोधायला लागलं की व्होल्टेज खाली बसायचं आणि ते बंद पडायचं. विजेची ओढ कमी पडतेय हे त्या पोराने ओळखलं, होडीवर दिवे मंद झाले की बॅटरी बघतात तसं. रोग त्याने बरोबर ओळखला, फक्त औषध बोर्डामधून पाजलं. त्या वाटेवरच्या रेग्युलेटरला एवढी वीज झेपत नाही.

बॅटरी बोर्डाला न लावता एका बक कन्व्हर्टरला (व्होल्टेज उतरवणाऱ्या छोट्या सर्किटला) लावा, आणि त्यातून निघणारे चार व्होल्ट थेट मॉड्यूलला द्या. मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट चालतात, पाच चालत नाहीत. बोर्डाचं, मॉड्यूलचं आणि कन्व्हर्टरचं जीएनडी एकमेकांना जोडलेलं हवं. बोर्डाकडून मॉड्यूलच्या आरएक्सकडे जाणाऱ्या तारेवर १० आणि २० किलोओहमचे दोन रोध लावून व्होल्टेज उतरवा. सिम जिओचं घेऊ नका. हे मॉड्यूल टूजीवर चालतं आणि जिओकडे टूजी नाही. कन्व्हर्टरचा बारीक स्क्रू फिरवून चार व्होल्ट आले हे मल्टिमीटरवर पाहिल्याशिवाय मॉड्यूल लावू नका. मल्टिमीटर त्या मुलाच्या हातात द्या. प्रदर्शनाच्या दिवशी होडी समुद्रात असेल, तेव्हा त्याच्या वडिलांची बॅटरी मागू नका. शाळेतल्या कोणाच्याही मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी दिवसभर पुरेल.